महालातल्या स्पीकरची खोटी साक्ष

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो, आणि मी एका मुलीवर खोटा आळ घेतला आहे. मनात नसताना घेतला, पण घेतला. लोकांना वाटते की निर्जीव वस्तूला खोटे बोलता येत नाही. माझ्या मालकांनाही तसेच वाटत होते, आणि तिथेच सगळा घात झाला.

माझा कागदी पडदा आणि त्यामागचे लोहचुंबक परदेशात तयार झाले. एक परदेशी इंजिनिअर नागपूर सोडताना सामान विकून गेला, त्यात मी होतो. साल होते १९७२. टपाल खात्यात कारकून असलेले श्रीधरपंत मला सायकलच्या कॅरियरला बांधून महाल भागातल्या आपल्या घरी घेऊन आले. बळीराम सुताराने माझ्यासाठी सागवानी पेटी केली आणि तोंडावर करडे कापड ताणून बसवले. त्या कापडामागे, पडद्याच्या कडेने, काळ्या फोमची एक मऊ गोल पट्टी होती. ती पडद्याला धरून ठेवायची आणि हवे तेवढे मागेपुढे हलू द्यायची. आवाज जाडाभरडा न होता सरळ बाहेर पडतो तो त्या पट्टीमुळे. पण ती कापडाआड गेली, आणि ती झिजते हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

पहिली दहा वर्षे माझे फार लाड झाले. माझी वायर श्रीधरपंतांच्या टेपरेकॉर्डरला जोडलेली असे. रविवारी शेजारीपाजारी गाणे ऐकायला जमत आणि श्रीधरपंत चहाबरोबर माझे गुणही वाढत. "इंग्लंड-जर्मनीचा माल आहे गा, खोटं बोलत नाही," असे ते सांगत. नक्की कुठला ते त्यांनाही माहीत नव्हते. त्यांच्या पत्नी यमुताईंनी माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला होता. मीही मनातून फुगलो होतो, हे कबूल करतो.

आमच्या नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. श्रीधरपंतांच्या घरी कूलर आला तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी माझी सोय केली. "याले आपली गर्मी सोसणार नाही," म्हणत त्यांनी मला खिडकीशी, कूलरच्या अगदी समोर ठेवले. वाळ्याच्या ओल्या ताटीतून येणारा दमट वारा चार महिने थेट माझ्या तोंडावर येई. उरलेले आठ महिने कोरडी धूळ. असे तीन उन्हाळे गेले. घरातल्या माणसांपेक्षा मला जास्त गारवा मिळाला आणि त्या मायेनेच माझी पट्टी आतून कुजली.

१९८४ च्या फेब्रुवारीत तिचे पहिले कण कापडाच्या खालच्या फटीतून गळाले. काळे, बारीक, जरासे चिकट. यमुताईंना ते केरात दिसले.

"घरात उंदीर झाले वाटते," त्या म्हणाल्या. "लेंड्या पडून राहिल्या इथं."

त्यांनी पिंजरा आणला आणि त्यात भज्याचा तुकडा लावून तो माझ्या पायाशी ठेवला. रोज सकाळी पिंजरा रिकामा असे आणि रोज सकाळी काळे कण थोडे जास्त असत. मी वरून ते पाहत होतो. माझाच देह केरसुणीने भरला जात होता आणि मला ओरडून सांगता येत नव्हते.

आता चारुशीलाबद्दल सांगतो. ती श्रीधरपंतांची एकुलती एक मुलगी. मी घरात आलो तेव्हा सहा वर्षांची होती. आता अठराची झाली होती आणि गाणे शिकत होती. येत्या जूनमध्ये आकाशवाणीवर तिची स्वरचाचणी होती. श्रीधरपंतांना स्वतःला तरुणपणी गायक व्हायचे होते, ते राहून गेले होते. त्यामुळे चाचणी मुलीची असली तरी झोप बापाची उडाली होती. ती पहाटे खर्जाचा रियाज करी, म्हणजे अगदी खालचे सूर घोटून घोटून लावी. श्रीधरपंत तो टेपवर घेत आणि संध्याकाळी माझ्यातून ऐकत.

तुम्ही विचाराल, मुलगी समोर बसून गात होती, मग टेप कशाला? त्यांचे यावर एक ठाम मत होते. समोर बसले की बापाचा कान ऐकतो, डब्यातून ऐकले की परीक्षकाचा. ऐकायला किती शहाणपणाचे बोलणे आहे पाहा.

मार्चमध्ये माझी पट्टी एका बाजूने तुटली. पडदा किंचित कलला आणि त्याच्या मागची तारेची गुंडाळी चुंबकाला घासू लागली. वरचे सूर निभावून जात. पण खालचा सूर आला की पडदा जोराने हलतो, आणि माझ्यातून खरखर निघे. अगदी घसा बसलेल्या माणसासारखी.

श्रीधरपंतांनी टेप थांबवली. पुन्हा लावली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चारू, खर्जात आवाज फाटून राहिला तुझा."

"मला गाताना नाही लागत तसं," ती म्हणाली. "बाबा, डब्याचाच आवाज नसेल?"

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली याले. कधी खोटं बोलला?"

मित्रांनो, त्या दिवशी अंगणच वाकडे होते. मी जिवाच्या आकांताने सरळ बोलायचा प्रयत्न केला. जितका जोर केला तितका जास्त घासलो.

त्यानंतर घरात एक वेगळीच चिंता शिरली. चिंच, दही, लोणचे बंद झाले. रियाज एक तासाचा दोन तास झाला, मग तीन. खर्ज सुधारत नाही म्हणून "आणखी दाबून लाव" हा नेम झाला. एका संध्याकाळी श्रीधरपंतांनी एका जुन्या नामांकित गवयाची टेप लावली, तीही खरखरली. मला वाटले, आता तरी उजेड पडेल. ते म्हणाले, "टेप जुनी झाली." माणसाने एकदा मनाशी ठरवले की पुरावा समोर येऊन उभा राहिला तरी त्याला पाट मिळत नाही.

चारुशीला गात राहिली. एप्रिल गेला, मे आला. बाहेर झळा लागत होत्या, घरात कूलर घरघरत होता, आणि ती माझ्याकडे पाहून गळा ताणत होती. मीच तिचा न्यायाधीश होतो आणि मीच चोर होतो. मेच्या मध्यावर मला पहिल्यांदा ऐकू आले की खरखर आता फक्त माझी नाही. टेप सुरू नसतानाही, नुसती आईशी बोलताना तिचा आवाज घोगरा येत होता. यमुताई तिला हळद घातलेले दूध देत होत्या. पिंजऱ्यात त्या दिवशी नवे भजे होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिने तोंड उघडले आणि आवाजच निघाला नाही.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले. आवाज दाबून लावल्याने स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. सहा महिने एक शब्द बोलायचा नाही, असे त्यांनी सांगितले. मग पुन्हा गाता येईल का, असे श्रीधरपंतांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की आत्ता काही सांगता येत नाही. चाचणीचा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी घरात भांड्याचा आवाजही कोणी केला नाही.

त्याच महिन्यात शेजारी लग्न निघाले. बिछायत केंद्राचा धोंडबा मांडव घालायला आणि लाउडस्पीकर लावायला आला. त्याला आमच्याकडून विजेची जोडणी हवी होती. पाणी प्यायला तो बसला तेव्हा श्रीधरपंतांनी त्याच्याजवळ मन मोकळे केले आणि मार्चची टेप लावली. "तेव्हापासूनच गळा बिघडला होता. आम्हाले उशिरा समजलं," ते म्हणाले.

धोंडबाने दोन ओळी ऐकल्या. मग उठून माझ्या कापडाला कान लावला. कोणाला न विचारता त्याने खिळे उचकटले आणि कापड खाली ओढले. आतून काळा चुरा भसकन खाली पडला.

"भाऊ, पोरीचा गळा काहून बिघडंल? हा फाटला तुमचा डब्बा," तो म्हणाला. त्याने चिमटीत चुरा उचलून यमुताईंपुढे धरला. "ताई, ह्या लेंड्या नाही वं. फोम झडून राहिला याचा."

यमुताईंनी पिंजऱ्याकडे पाहिले. चारुशीला दारात उभी होती. श्रीधरपंत खाटेवर बसले. मला त्या क्षणी कोणीतरी उचलून आपटले असते तर बरे वाटले असते.

दुरुस्ती करून देतो असे धोंडबा म्हणाला, पण श्रीधरपंत म्हणाले, "मीच करतो. तू फक्त सांग." धोंडबाने पातळ, मऊ कातड्याचा तुकडा आणून दिला आणि समजावून सांगितले. श्रीधरपंतांनी मला जमिनीवर जुन्या धोतरावर आडवे केले. स्पिरिटच्या बोळ्याने कुजलेली पट्टी कण कण करून पुसून काढली. कातड्याचे गोल कडे कापले. चारुशीलाने फोटोच्या जुन्या निगेटिव्हच्या चार पट्ट्या कापल्या. त्या गुंडाळीभोवती खोवल्या की पडदा बरोबर मध्ये बसतो. मग सोल्युशन लावून कडे चिकटवले आणि रात्रभर कोणी हात लावला नाही. सकाळी पट्ट्या काढून श्रीधरपंतांनी चार बोटांनी पडदा हळूच आत दाबला आणि कान लावला. कुठेही घासत नव्हते. बापलेक दोघे शेजारी वाकून काम करत होते. तिला बोलायला मनाई होती, ती बोटाने जागा दाखवी. ते तिथे हात लावत.

मग त्यांनी मार्चची टेप लावली.

खर्ज आला. खोल, स्वच्छ, भरलेल्या घागरीसारखा स्थिर. कुठे चरा नाही, कुठे कंप नाही. मुलीने बापाला पहिल्या दिवशी जे सांगितले होते ते मी आता तीन महिन्यांनी सांगत होतो. श्रीधरपंतांनी तिच्यापुढे हात जोडले. चारुशीला पुढे आली, तिने आपला तळवा माझ्या पडद्यावर सपाट ठेवला आणि तिचाच सूर दाबून बंद केला.

याला आता चार महिने झाले. माझ्या तोंडावर कापड नाही. कूलरपासून मला दूर ठेवले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी जुन्या वस्तू असतील. त्यांच्यावर नुसता रुमाल घालू नका, अधूनमधून रुमाल उचलून आत पाहा. आणि कोणाचा दोष तुमच्या कानी आला, तर तो सांगणारा धड आहे का, हे आधी तपासा.

सहा महिने पुरे व्हायला आता दोन उरले आहेत. श्रीधरपंतांनी नवी कोरी टेप आणून ठेवली आहे. डिसेंबरात एके सकाळी चारुशीला तोंड उघडेल, आणि संध्याकाळी सगळे माझ्यासमोर बसतील. आता माझ्यात काहीही खोट नाही. त्या दिवशी माझ्यातून खरखर आली, तर ती खरी असेल.