पुढचे सहा

तिनं चाकूचं पातं दिव्यावर धरलं, तापल्यावर मेणात टेकवलं आणि वितळलेल्या खाचेत एक दात उभा केला. दात किंचित कलला. तिनं तो सरळ केला नाही.

*

वर्गाचा फोटो. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचे ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले. चूळ भरता भरता कुणी हाक मारावी आणि तशीच येऊन उभी राहावी, तशी.

*

"आवाज चांगला आहे तुझा," गाण्याच्या बाई म्हणाल्या, "पण त्याला बाहेर येऊ देशील तर ना!" पुढच्या आठवड्यापासून ती गेली नाही.

*

कपबशी. वही. हाताचा पंजा. हसू आलं की जे हाताशी असेल ते तोंडासमोर.

*

"तोंड मीट, फावडे. माशी जाईल." हे बाबा. गाडी चालवताना, मागं न बघता. गाडीतले सगळे हसले. तीही हसली, मिटूनच.

*

मोठी झाल्यावर ती कवळ्या बनवायला लागली. लॅबमध्ये आता तिच्याइतकं जुनं कुणी नव्हतं. सगळे तिला बाई म्हणत. दिवसभर मास्क लावून बसायचं काम. मास्क तिला आवडायचा.

बाबांचे उरलेसुरले दात काढायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी आधी पुढच्या सहा दातांचा तेवढा ठसा घेतला. जुने जसे उभे होते तसेच नवे लावले, की म्हाताऱ्या माणसाला आरशात परकं वाटत नाही. त्याच खुर्चीत, बाबांना रिक्षात बसवून आल्यावर, ती स्वतः बसली.

"माझाही घ्या. वरचे चार काढायचेत."

"ताई, ठणठणीत आहेत दात. तार लावू, येतील मागे."

"या वयात तार लावून हिंडू?"

"मग राहू द्या ना. काढायचे कशाला?"

"हिरड्या सुटल्यात."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय. मीही याच धंद्यात केस पांढरे केलेत."

डॉक्टरांनी हात टेकले. ठसा घेतला, तारीख दिली. काढलेल्यांच्या जागी जे यायचे ते ती स्वतः बनवणार होती. सरळ, एका ओळीत, कुणी बोट ठेवू शकणार नाही असे.

ठशांत ओतलेल्या प्लास्टरचे दोन छोटे तुकडे तिच्या फळीवर शेजारी शेजारी वाळले. दोन्हींच्या बुडाला तिनं सवयीनं पेन्सिलीनं नुसतं आडनाव लिहिलं होतं. लॅबमध्ये तेवढं पुरायचं. एका घरातले दोघं एकदम कधी येत नसत.

बाबांच्या कामाला बसताना तिनं त्यातला एक उचलला.

दुपारी पॉलिशवालीनं मशीन बंद केलं आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"कुणाचे हो बाई?"

"बाबांचे. जुने."

"अगोबाई, काय ऐटीत उभेत! खिडकीतून डोकावल्यासारखे."

"जरा पुढं आहेत."

"असू देत की. सगळे सरळ असले की माणूस जाहिरातीतला वाटतो. बाबा हसले की घरात उजेड पडत असेल तुमच्या."

"ते कुठले हसतात! आणि ती मिशी. कधी धड दिसलेच नाहीत."

तिनं प्लास्टर दिव्याजवळ धरलं. मधल्या दोघांपैकी एकाचा खांदा दुसऱ्यावर किंचित टेकलेला. असले दात तिनं कितीदा तरी मेणात सरळ करून दिले होते. यांना हात लावावासा वाटेना.

"चांगले आहेत," ती म्हणाली. मग चाकू पुसत, "माझ्या वाट्याला आले असते तर."

"तुमचे कुणी पाहिलेत? मास्क नसला की हात असतो."

पॉलिशवाली आपल्या विनोदावर हसत मशीनकडे गेली. इकडे तिनं दुसरा दात मेणात उभा केला. तोही प्लास्टरकडे बघून, तसाच.

*

मेणाची कवळी आधी तोंडात बसवून बघतात. पसंत पडली की मग पक्की करतात. बाबा खुर्चीत बसले होते. मिशी आता विरळ, पांढरी. डॉक्टरांनी कवळी बसवली आणि आरसा त्यांच्या हातात दिला. ती लॅबमधून तशीच आली होती, मास्कसकट, पिशवीत प्लास्टर घेऊन.

बाबा आरशात बघतच राहिले.

"बोचतंय का काका?"

बाबांनी मान हलवली. "हे माझे नाहीत."

"तुमच्या जुन्यांवरूनच लावलेत, बाबा." मास्कमागून तिचे शब्द बोबडे आले.

"खुळी का काय! माझे तांदळाएवढे होते, आत वळलेले. हे तुझे आहेत."

तिनं पिशवीतून प्लास्टर काढलं. बुडाशी आडनाव होतं. मग तिनं ते उलटं करून दात पाहिले. डाव्या दाताचा कोपरा उडालेला होता. शाळेच्या नळावर आपटून उडालेला. इतके दिवस हाताखाली होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळायला काय? माझ्यासमोर आलेत ते. दुधाचा हलत होता, तर मीच दोरा बांधून ओढला. घाई केली. मग हा आला, वाकडा." बाबा आरशाकडेच बघत बोलत होते. "तुझी आई म्हणाली, केलंत ना पोरीचं वाटोळं."

तिनं प्लास्टर परत पिशवीत ठेवलं.

"बदलून देते," ती म्हणाली. "मेणच आहे अजून."

"कशाला?"

त्यांनी आरसा जरा लांब धरला आणि ओठ फाकवले. आधी घाबरत, मग पूर्ण. मिशी वर सरकली. असं हसताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चांगले दिसतात," बाबा म्हणाले. "चांगलेच दिसतात की गं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते बेसिनकडे वळले. हात धुतलेले होते तरी पुन्हा नळ सोडला.

"इकडे ये. तो मास्क काढ. बघू जुळतात का."

"सर्दी झालीय, बाबा."

"मला काय होतंय तुझ्या सर्दीनं? काढ. दोघं मिळून बघू." त्यांनी आरसा दोघांचे चेहरे मावतील असा तिरका केला आणि तसाच धरून ठेवला.

तिचे वरचे चार दात आदल्या शनिवारी काढून झाले होते.