सावलीवरची दोरी

शादमानने जमिनीत खुंटी ठोकली आणि पितळी यंत्र सूर्याकडे धरलं. सूर्य गणिताने काढलेल्या उंचीवर उतरला, की तो बरोबर मक्केच्या दिशेला येतो; तेव्हा खुंटीच्या सावलीवर दोरी ताणायची. त्या दोरीच्या रेषेत मक्का, आणि त्याच रेषेवर नव्या मशिदीचा पाया. अख्खं निशापूर मैदानात लोटलं होतं. पलीकडे जुनी मशीद उभी होती. तिचा मेहराब, नमाजासाठी मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, शादमानच्या बापाने, फीरूझ गवंड्याने, तरुणपणी बांधला होता, जुन्या रीतीप्रमाणे हिवाळ्यातल्या मावळतीच्या दिशेने.

शादमानने गणित पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. मेहराब चुकला होता.

"काय रे, ढग यायची वाट बघतोयस का?" खरबूजवाला नियाझ ओरडला. लोक हसले.

म्हातारा फीरूझ पुढेच काठी टेकून बसला होता. दोरी जुन्या मशिदीच्या भिंतीला धरून ताणली, तर इथे कुणाला कळणार होतं? बापाची अब्रू तेवढी राहिली असती.

सूर्य उतरला. शादमानने ओठ घट्ट मिटले आणि दोरी सावलीवर ताणली. जुन्या भिंतीला सोडून ती सरळ डावीकडे गेली, लांबूनही दिसेल इतकी.

एकच गलका उठला.

"म्हणजे आमच्या बापजाद्यांची नमाज फुकट गेली?" नियाझ तावातावाने पुढे आला. "स्वतःच्या बापाच्या तोंडाला काळं फासतोस?"

"मनापासून पढलेली नमाज फुकट जात नाही," काझी म्हणाले, पण त्यांचं ऐकतंय कोण! नियाझने खुंटीला हात घातला.

फीरूझ उठला. लोकांनी वाट दिली. त्याने एक डोळा मिटून दोरीवरून नजर टाकली, भिंत ओळंब्यात आहे का हे पाहताना टाकायचा तशी. मग वाकून दोरी बोटाने छेडली.

"ढिली आहे. नीट ताण. पाया काय रोज घालतात?" मग नियाझकडे वळून म्हणाला, "बघतोस काय, धर तिकडून."

नियाझने खुंटी सोडून दुसरं टोक धरलं.

परतताना बापलेक कब्रस्तानापाशी थांबले. शादमानची आई तिथे मक्केकडे तोंड करून कुशीवर निजली होती. तिची कबर फीरूझनेच आखली होती, जुन्या मेहराबाचा अंदाज धरून. शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती.

"हिचीही दिशा चुकली?"

"हो, बाबा."

म्हाताऱ्याने काठीच्या टोकाने कबरीच्या कडेची माती सारखी केली.

"हिला आता उठवू नकोस. आणि मला इथे आणाल ना, तेव्हा तुझं ते यंत्र घरीच ठेव."

"अहो, पण मघाशी तुम्हीच—"

"ती मशीद होती."

शादमान खाली बसला, खांद्यावरची दोरी सोडली आणि आईच्या कबरीच्या कडेला लावून तिच्याच रेषेत शेजारची जागा आखू लागला.

फीरूझने दुसरं टोक धरलं.