चुकीच्या पिंजऱ्यातले पाच उंदीर

"ते पाच उंदीर काढून टाका," सर म्हणाले आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. काढून टाका म्हणजे मारून टाका. आमच्या प्राणीगृहात 'मारणे' हा शब्द कुणी उच्चारत नाही, सगळे मोठे सभ्य आहेत.

मी हलले नाही. एकोणीस वर्षं मी इथे उंदीर सांभाळते. पिल्लं वेगळी करते, कानाला खूण करते, शेपटीचा बारीक तुकडा तपासायला पाठवते, कुठल्या नराची कुठल्या मादीशी जोडी लावायची ते ठरवते. इथे मशीन चालवते ती मॅडम आणि पिंजरे सांभाळते ती मावशी. मशीन बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो आणि उंदीर बिघडले तर मावशीला हाक मारतात. तरी मावशी ती मावशीच.

"सर, ते पाचच तर बघण्यासारखे आहेत," मी म्हणाले.

काय झालं ते आधी नीट सांगते, नाहीतर माझा राग उगाचचा वाटेल. सरांचा एक जीन आहे. तसा तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगात आहे, पण सर त्याच्याबद्दल असं बोलतात, जणू आजोबांनी त्यांच्या नावावर करून दिलाय. एक आजार असतो, त्यात हृदय फुगतं, सैल पडतं, त्याला रक्त ढकलणं जमेनासं होतं. हा जीन बंद पडला की तो आजार होतो, असं सरांचं म्हणणं. ते दाखवायचं तर उंदरातून जीन काढायला हवा. पण सगळ्या अंगातून काढला तर पिल्लू आईच्या पोटातच मरतं. म्हणून एक युक्ती करतात. त्या जीनच्या दोन्ही टोकांना खुणा असलेले उंदीर वाढवायचे. दुसरीकडे कात्रीवाले उंदीर वाढवायचे. ही कात्री म्हणजे एक प्रथिन, फक्त हृदयात तयार होणारं, आणि तेसुद्धा झोपलेलं. दोन्ही जातींची जोडी लावून खुणा आणि कात्री दोन्ही असलेली पिल्लं मिळवायची, ती मोठी झाली की पाच दिवस इंजेक्शन द्यायचं. कात्री जागी होते आणि खुणांच्या मधला जीन कापते, तोही फक्त हृदयातला. बाकी उंदीर जसाच्या तसा राहतो.

दादाला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मेन स्विच न पाडता एकाच खोलीचा फ्यूज काढायचा." दादा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. आता त्याचंच हृदय फुगलंय, त्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचायला तो मधे तीनदा थांबतो. वर पोहोचल्यावर म्हणतो, "आज लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबली."

सरांच्या उंदरांची हृदयं इंजेक्शननंतर फुगली. खुणा असलेल्या पण कात्री नसलेल्या उंदरांना तेच इंजेक्शन दिलं, त्यांना काही झालं नाही. म्हणजे इंजेक्शनचा दोष नाही, जीन गेल्यामुळेच हृदय बिघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या जीनचं काम वाढवणारं एक औषध निघालं, मोठ्या इस्पितळात माणसांवर चाचणी ठरली, आणि सर तिथे सल्लागार झाले. मी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत, सरांपुढे जोडले. दादाचं नाव यादीत लागलं. त्या दिवशी मी घरी जाऊन छाती पुढे काढून सांगितलं, "दादा, माझ्या उंदरांनी सिद्ध केलंय."

मग तो पिंजरा चुकला. सरांकडे एक मुलगी पीएचडी करते, मी तिला थिसिसवाली म्हणते. पिंजरे धुऊन आल्यावर तिने एक पिंजरा रॅकच्या भलत्याच खणात, इंजेक्शनवाल्या उंदरांच्या जागी, ठेवला आणि कार्ड न वाचता, नुसता खण बघून पाच दिवस इंजेक्शनं देत राहिली. आतले पाच नर होते नुसते कात्रीवाले, जोडीसाठी राखलेले. त्यांच्या जीनला खुणा नव्हत्याच. कात्री जागी झाली असेल, पण तिला कापायला काही नव्हतं. म्हणजे त्यांना काहीसुद्धा व्हायला नको होतं.

आठव्या दिवशी मी पिंजरा उघडला तर पाचही कुबड काढून एका कोपऱ्यात बसलेले. अंगावरचे केस उभे, श्वास भराभर. एकोणीस वर्षांनंतर मला हृदय गेलेला उंदीर ओळखायला मशीन लागत नाही, पण लोकांना लागतं. थिसिसवाली रडायच्या बेतात होती. मी म्हटलं, "रडणं नंतर, आधी त्यांच्या हृदयाचा इको कर." तिने केला. पाचही हृदयं फुगलेली, हुबेहूब सरांच्या उंदरांसारखी.

आता सांगा, चार वर्षं आम्ही काय बघत होतो? जीन गेल्याने हृदय बिघडत होतं, की नुसती कात्री जागी केल्याने? असा एक पिंजरा पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा होता. कात्री आहे, खुणा नाहीत, इंजेक्शन दिलंय, असा. मी तेव्हाच विचारलं होतं. सर म्हणाले होते, "मावशी, जागा नाही." ज्यांच्या केबिनमध्ये सोफ्यासमोर दुसरा सोफा आहे, त्यांच्याकडे एका पिंजऱ्याला जागा नव्हती.

"पाच उंदरांवरून काही ठरत नाही," सर आता सांगत होते. "चुकून दिलेलं इंजेक्शन आहे. नोंदच चुकीची आहे."

"मग बरोबर नोंद करू. पंधरा उंदीर घ्या, मुद्दाम द्या. मी सांभाळते."

"चाचणी सोमवारी सुरू होतेय. आता हे कशाला उकरायचं? झाकली मूठ राहू दे."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, सर."

ते हसले. अगदी प्रेमाने हसले, त्याचाच मला जास्त संताप आला. "तुमच्या भावाचं नाव यादीत आहे ना?" ते म्हणाले. "मीच लावलंय. विचार करा."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझा भाऊ यांना लगाम वाटला. मी म्हणाले, "विचार करूनच बोलतेय. नाव माझ्या भावाचं आहे म्हणूनच बोलतेय. आणि तुमचं काम तुम्हीच तपासणार, तुम्हीच पास करणार, म्हणजे उंदराला मांजर साक्ष!" त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. दार मी आपटलं नाही, पण ते आपटलं गेलं.

खाली येऊन मी रजिस्टर उघडलं आणि शाईच्या पेनाने लिहिलं: पाच नर, फक्त कात्री, पाच दिवस इंजेक्शन, आठव्या दिवशी हृदय फुगलेलं. थिसिसवाली मागे उभी होती. "माझी चार वर्षं जातील, मावशी," ती म्हणाली. खरंच जाणार होती. तिने पेन घेतलं, खाली 'इंजेक्शन मी दिले' असं लिहिलं, सही केली आणि इकोची चित्रं माझ्या हातात ठेवून बाहेर निघून गेली. मी इस्पितळात चाचणी बघणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "चित्रं आणि नोंद पाठवा. ती बघेपर्यंत पहिला डोस कुणालाच देणार नाही."

मला वाटलं, अवघड होतं ते झालं. संध्याकाळी दादाकडे गेले.

दादा खिडकीपाशी पाठीला दोन उशा लावून बसला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. बोलली ती वहिनी. स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "यांनी जुनी गोळी बंद केलीय, अकरा दिवस झाले."

"कुणी सांगितलं बंद करायला?" मी ओरडलेच.

"तू आणलेल्या चाचणीच्या कागदात लिहिलंय. दुसऱ्या पानावर. पहिल्या डोसाआधी दोन आठवडे जुनी गोळी घ्यायची नाही."

दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. पहिल्या पानावर दादाचं नाव होतं, तेवढ्यानेच मी हुरळून गेले होते. पिंजऱ्याचं कार्ड वाचलं नाही म्हणून त्या पोरीला मी चारचौघांत आंधळी म्हणाले होते. दादाच्या पायांकडे बघितलं. घोट्यांवर सूज होती, मोज्याची कड आत रुतलेली. उंदराचा श्वास दाराशी उभं राहून ओळखते म्हणे मी! गेल्या रविवारी याच खोलीत तासभर बसले होते, आणि दिसलं काहीच नाही. सरांवरचा सगळा राग माझ्याच अंगावर उलटला.

"दादा, गोळी घे. आत्ता, माझ्यासमोर. आणि उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जायचं."

"का घेऊ?" तो इतक्या जोरात बोलला की त्याला धाप लागली. मग एकेक वाक्य थांबत थांबत म्हणाला, "तूच आलीस सांगत, औषध लागू पडेल, उंदीर म्हणतात. आज तूच आलीस सांगत, काही खरं नाही, उंदीर म्हणतात. उंदीर तेच, तूही तीच. मग आजचंच खरं कशावरून? मी अकरा दिवस कसे काढले, माहितीये? बरा होणार म्हणून काढले."

वहिनी म्हणाली, "अहो, बोलू नका ना इतकं."

"बोलू दे," मी म्हणाले. "दादा, तेव्हा ते खरं असायला मला हवं होतं. म्हणून मी पुढचं पान उलटलं नाही, एकाही गोष्टीवर भांडले नाही. आज मला ते खरं असायला नकोय. देवाशप्पथ नकोय! तरी पाचही उंदीर तेच सांगतायत. म्हणून आजचं खरं."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी मी त्याची सायकल मोडली होती, तेव्हा असाच बघत राहिला होता. मग त्याने वहिनीपुढे हात पसरला. तिने गोळी ठेवली, पाणी दिलं. त्याने गोळी गिळली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आता जा तू," तो म्हणाला.

मी चपला घातल्या. वहिनी दारापर्यंत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवून परत गेली. मी जिना उतरायला लागले. पहिल्या वळणावर दादाचा आवाज ऐकू आला, अजून रागातच होता.

"उद्याची गोळी कुठे ठेवलीयस?" तो वहिनीला विचारत होता.