ऑर्गनमधला हट्टी

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. पाणी वाहून नेणारा नव्हे, वारा भरला की बोलणारा. चर्चमधला ऑर्गन तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. वाजवणारा पट्ट्या दाबतो ते समोर दिसतं. पण आवाज पट्टीतून निघत नाही. मागे एक बंद खोली असते, तिथे आम्ही पाइप रांगेने उभे असतो आणि पट्टी दाबली की ज्याचा त्याचा सूर ज्याने त्याने काढायचा. माझी उंची माणसाच्या छातीइतकी आहे. अंग कथील आणि शिशाचं आहे. नाव हट्टी. हे नाव प्रेमाने पडलं होतं. पुढे त्याच नावाने घात केला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कथील आणि शिसं वितळवून दगडी मेजावर ओतलं, त्याचा पत्रा झाला. कारागिराने तो रंधा मारून सारखा केला, लाकडी दांड्याभोवती गुंडाळला आणि सांध्याला डाख दिला. खाली एक आडवी फट ठेवली. ते माझं तोंड. पहिल्यांदा वारा भरला तेव्हा मी नुसता फुसफुसलो.

"बोल की रे," कारागीर म्हणाला, "का आतापासूनच दात पडले?"

त्याने माझा ओठ किंचित आत दाबला आणि मी बोललो. शेवटी त्याने माझ्या डोक्यावर पत्र्याचं एक कडं चढवलं. हे कडं वर ओढलं की माझी लांबी वाढते आणि सूर उतरतो. खाली ठोकलं की सूर चढतो. माझं कडं जरा सैल बसलं. सूर नीट लावून हात काढला की ते केसभर सरकायचं. एवढाच माझा हट्ट.

चर्चमध्ये मी पुष्कळ वर्षं वाजलो. लग्नांत वाजलो, अंत्यविधींत वाजलो. लहानपणी आईच्या मांडीवर झोपी गेलेली माणसं पुढे काठी टेकत येताना पाहिली. सगळे ऑर्गनचं कौतुक करायचे, आम्हा पाइपांची ओळख मात्र दोघांनाच होती.

त्यातला एक सूर लावणारा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून त्याची बायको मास्तरीणबाई. सूर लावायला दोन माणसं लागतात. मास्तर शिडीने वर येत, आमच्यामधल्या अरुंद फळीवर उभे राहत आणि बोथट सुरीने आमची कडी हळूहळू ठोकत. मास्तरीणबाई बाहेर बाकावर बसून पट्टी दाबून धरायच्या. पाइप वाजत असताना आतली हाक बाहेर पोचत नाही. म्हणून मास्तर सुरीची मूठ लाकडावर जोरात आपटायचे. एक टकटक म्हणजे पुढची पट्टी. टकटक झाली की मास्तरीणबाईंचं बोट पुढे सरकायचं. त्यांच्या संसाराचे कितीतरी दिवस असे गेले. तो आत, ती बाहेर, मध्ये लाकडी भिंत आणि एक टकटक.

माझ्यापाशी आले की मास्तर अडायचे. बाहेर मास्तरीणबाई पट्टी धरून कंटाळायच्या. शेवटी मास्तर ओरडायचे, "लागला एकदाचा हट्टी!"

"आणि घरातला कधी लागायचा?" बाहेरून उत्तर यायचं.

सूर लावताना चर्चमध्ये दुसरा आवाज चालत नसे. मास्तर दारावर पाटी लावायचे: "सूर लावणे चालू आहे. शांतता राखा." एकदा राखणदाराने बाक ओढला, तेव्हा मास्तरांनी त्याला असं झापलं की तेव्हापासून पाटी दिसली की तो चपला हातात घेऊन चालायचा. भला माणूस. सांगितलेलं कधी विसरला नाही.

मग छत गळायला लागलं. नेमकं आमच्या खोलीवरचं. लाकडी पाइप फुगले. आतलं चामडं कुजलं. एकेक रांग मुकी झाली. उपासनेच्या मध्येच आमच्यातलं कोणीतरी घोगरं ओरडायचं आणि पोरं फिदीफिदी हसायची. छत दुरुस्त होईपर्यंत आमच्यातले निम्मे कामातून गेले होते.

चर्चच्या मंडळींनी बरीच चर्चा केली आणि ठरवलं की जे पाइप धड आहेत ते ठेवायचे आणि बाकीचे आवाज डिजिटल यंत्रातून काढायचे. जुन्या पट्ट्या जाऊन नव्या येणार होत्या. हे काम मास्तरांच्या भाच्याला मिळालं. त्याला सगळे स्पीकरवाला म्हणायचे. हाताचा सफाईदार, मनाने मऊ.

मोडलेल्या भावंडांना बाहेर काढताना मी पाहिलं. सगळ्यांत उंच होता त्याला जिन्यावरून वळवता येईना, म्हणून तिथेच करवतीने कापला. धातूचे होते ते चेपून पोत्यात भरले. त्यांच्या जागी काळे स्पीकर आले. मग आमच्या पायाखालच्या पेटीत प्रत्येकाच्या झडपेशी एकेक लोहचुंबक बसला. आता पट्टी दाबली की तारेतून इशारा येणार, चुंबक झडप उघडणार आणि वारा आमच्यात शिरणार. भाच्याने आम्हा प्रत्येकाचा आवाज यंत्रात भरूनही घेतला. एखादा पाइप बिघडला तर त्याच्या जागी स्पीकर बोलावा म्हणून.

एक अडचण मात्र होती. थंडीत आमचा सूर उतरतो, उन्हात चढतो. यंत्राचा जागचा हलत नाही. दोघे एकत्र वाजवायचे तर आमचे सूर पुन्हापुन्हा लावावे लागणार होते. मास्तरीणबाईंचे गुडघे तोवर पार गेले होते. बाकावरून उठताना त्या तोंड दाबून कण्हायच्या. हे भाच्याने पाहिलं होतं. एक दिवस तो फोन घेऊन आला. फोनवर पट्ट्यांचं चित्र होतं. एका पट्टीवर बोट टेकवलं की तो पाइप वाजायला लागायचा आणि पुन्हा बोट टेकवेपर्यंत वाजतच राहायचा.

"मामी, आता या बाकावर बसायला नको. मामा एकटेच करतील. तू आराम कर."

"आराम?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तो कुठल्या पट्टीत वाजवतात रे?"

मास्तर हसले. "फोन बरा आहे. याला खोकला नाही, तक्रार नाही, मध्येच घरी जायची घाई नाही."

"आणि टकटक ऐकू येते का याला?"

"त्याची गरजच नाही गं," भाचा म्हणाला.

मास्तरीणबाईंनी बाकावरची आपली उशी उचलली आणि त्या घरी गेल्या. घर चर्चच्या भिंतीला लागूनच होतं.

नव्या ऑर्गनच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर एकटे आले. त्यांनी दारावर पाटी लावली, वाऱ्याची मोटर चालू केली आणि शिडीने वर आले. रांग लावत लावत माझ्यापाशी पोचले. फोनवर माझ्या पट्टीला बोट लावलं. मी वाजू लागलो. त्यांनी फोन वरच्या खिशात ठेवला आणि माझं कडं ठोकलं. सूर लागला. हात काढला, कडं सरकलं. "अरे गाढवा," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. फोन खिशातून घसरला. तो पकडायला त्यांनी हात टाकला आणि त्यांचा पाय फळीवरून सुटला.

ते पेटी आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत पडले. पाय अंगाखाली दुमडला गेला. फोन पेटीच्या खालच्या फटीत गेला. मी वाजतच राहिलो. मला थांबवणारी पट्टी त्या फोनवर होती आणि फोन मास्तरांच्या हाताला लागत नव्हता.

त्यांनी हाका मारल्या. त्या माझ्या आवाजाखाली दबल्या. मित्रांनो, पाइपला तोंड मिटता येत नाही. वारा येतो तोवर तो बोलतो.

मग त्यांनी सुरीची मूठ लाकडावर आपटली. टक.

राखणदार दार उघडून आत आला होता. त्याला पाटी दिसली. माझा आवाज ऐकू आला. पाठोपाठ टकटक. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि बाहेर जाऊन दार हलकेच ओढून घेतलं. थोड्या वेळाने उद्याच्या सजावटीसाठी फुलं घेऊन दोन बायका आल्या. त्याने त्यांना दारातच अडवलं. "श्श! मास्तर कामात आहेत. मागाहून या."

खिडकीतून येणारं ऊन समोरच्या भिंतीवर वर चढत गेलं. टकटक होत राहिली, पण दोन टकटकींमधलं अंतर वाढत गेलं. माझा सूर अगदी तसाच होता.

ऊन भिंतीवरून नाहीसं झालं तेव्हा पुन्हा दार वाजलं. मास्तरीणबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, हळू," राखणदार कुजबुजला. "आज हट्टी फारच चाललाय."

त्या थांबल्या. आतून टकटक झाली. मी तसाच वाजत राहिलो. पुन्हा टकटक झाली. मी तसाच.

थर्मास फरशीवर आपटला.

"मोटर बंद करा!"

"अहो, पण मास्तर चिडतील..."

"मास्तर पुढची मागतायत! केव्हाचे मागतायत आणि कोणी देत नाहीये!"

राखणदार जागचा हलला नाही. त्या स्वतःच धावल्या, त्या गुडघ्यांनी, आणि त्यांनी मोटर बंद केली. वारा गेला. माझा आवाज उतरला, घरघरला आणि थांबला. त्या शांततेत खोलीतला श्वास बाहेरपर्यंत ऐकू गेला.

"अहो!"

"आलीस?" मास्तर म्हणाले.

"आले."

मास्तरांचा आवाज मी ऐकला तो शेवटचाच. मागची फळी उखडून त्यांना बाहेर काढलं. हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत. आत रक्त वाहत राहिलं होतं, वेळेवर आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. हे भाच्याने पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा तो माझ्या समोरच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

उद्घाटन लांबलं, पण झालं. त्याआधी भाच्याने माझी तार काढली. माझ्यापुढच्या, सूर लावायच्या राहिलेल्या भावंडांच्याही तारा काढल्या. आमच्या जागी स्पीकर बोलू लागले. आवाज आमचाच होता, यंत्रात भरून ठेवलेला. लोक म्हणाले, फरक कळतसुद्धा नाही. खरंच कळला नसेल. मी रांगेत उभा राहून माझाच आवाज भिंतीवरून ऐकत असे. माझ्या तोंडात कोळ्याने जाळं केलं. आमच्या खोलीचं दार बराच काळ कोणी उघडलं नाही.

मग एका सकाळी मास्तरीणबाई भाच्याला घेऊन आल्या. काखेत ती जुनी उशी होती.

"हट्टीची तार जोड," त्या म्हणाल्या. "पुढच्यांचीही."

"मामी, कशाला? स्पीकर चांगला चाललाय. मला आत जाववत नाही गं. माझ्यामुळेच मामा..."

"तू माझे गुडघे बघितलेस. वाईट काय केलंस?" त्या बाकावर उशी ठेवत होत्या. "राखणदाराने शांतता राखली. फुलंवाल्या शहाण्यासारख्या परत गेल्या. आणि मी खिडकीत बसून ऐकत होते रे. म्हटलं, हट्टी नडतोय. म्हटलं, बोलावलं नाही तर कशाला जा. सगळ्यांनी चांगलंच केलं."

भाच्याने खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"ह्यांचं काम अर्धं राहिलंय. चल, चढ वर. मी पट्टी धरते. मी बाहेर असल्याशिवाय या खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही. आणि मी नसेन तेव्हा दुसरं माणूस बसवायचं. फोन नाही."

भाच्याने जाळं पुसलं, तार जोडली. बाहेर मास्तरीणबाईंनी पट्टी दाबली. किती काळाने माझ्या अंगात वारा शिरला! मी आधी फुसफुसलो, कारखान्यात फुसफुसलो होतो तसाच. मग बोललो. भाच्याने कडं ठोकलं. सूर लागला. हात काढला, कडं सरकलं. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा सरकलं.

एकाएकी वारा थांबला. मास्तरीणबाईंनी बोट उचललं होतं.

"अरे, आहेस ना?"

"आहे मामी. कडं सरकतंय."

"सरकू दे. मध्ये मध्ये मी विचारणार. ओ द्यायची."

"देईन."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, छत गळू देऊ नका, हे तर मी सांगेनच. जुन्या वस्तू तेवढंच मागतात. पण मला त्याहून मोठं मागणं मागायचं आहे. आवाज चालू आहे म्हणजे आतला माणूस ठीक आहे, असं धरून चालू नका. दारावर पाटी असली तरी दार ढकला. काम मोडेल, कोणी चिडेल, चिडू द्या. आत डोकावून विचारा, आहात ना?

मास्तरीणबाईंनी पट्टी पुन्हा दाबली. मी बोललो. भाच्याने कडं ठोकून हात काढला आणि वाट पाहिली. या वेळी ते सरकलं नाही. त्याने मास्तरांची सुरी उलटी धरली आणि मूठ लाकडावर आपटली.

टक.

मास्तरीणबाईंनी माझ्या पट्टीवरचं बोट उचललं आणि पुढच्या पट्टीवर ठेवलं.