जुनी सिस्टीम बंद करण्याचा समारंभ

माझ्या नवऱ्याने पुस्तक लिहिलं, हे आमच्या चिंचवडच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. ते कशावर आहे, हे कोणालाच माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या शालनबाईंनी विचारलं, कादंबरी आहे का. मी नाही म्हटलं. मग निदान पाककृती तरी असतील, असा त्यांचा चेहरा झाला. जुनी सॉफ्टवेअर बदलून नवी कशी आणावीत यावर आहे, असं सांगितल्यावर त्यांनी ‘छान’ म्हटलं आणि एक प्रत फुकट मागितली.

समर्थ चाकणच्या एका कंपनीत आयटीचा प्रमुख आहे. तिथे ब्रेकचे सुटे भाग बनतात आणि सगळा माल एका म्हाताऱ्या सॉफ्टवेअरच्या जिवावर गेटबाहेर पडतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचं नाव नाही. ज्याने ते लिहिलं तो कधीच नोकरी सोडून गेला आणि आत काय लिहून ठेवलंय तेही बरोबर घेऊन गेला. समर्थने त्याच्या जागी नवं बसवलं, रंगीत, चकचकीत, मोबाइलवरसुद्धा दिसणारं. फक्त त्यातून निघालेलं, मालाबरोबर द्यायचं चलन अधूनमधून चुकायचं, आणि चलन चुकलं की ग्राहकाच्या गेटवरून ट्रक परत. म्हणून डिस्पॅचची माणसं आधी जुन्यातून चलन काढायची, ट्रक सोडायची आणि मग सावकाश तेच आकडे नव्यात भरायची. काम दुप्पट झालं. याला कंपनीत आधुनिकीकरण म्हणतात.

याच आधुनिकीकरणावर समर्थचं पुस्तक होतं. इंग्रजीत, दिल्लीच्या प्रकाशकासाठी. आमचे दोन वर्षांचे रविवार त्यात गेले. तांत्रिक पुस्तकाची गंमत अशी, की तिसरं प्रकरण लिहून होईपर्यंत पहिल्या प्रकरणातली चित्रं शिळी झालेली असतात, कारण मधल्या काळात त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलेली असते. प्रकाशकाचा एक परीक्षक लिहायचा, फारच सोपं आहे. दुसरा लिहायचा, काही कळलं नाही. समर्थ दोघांचंही ऐकायचा, आणि जे काही तयार व्हायचं ते मला वाचायला लागायचं. मी शाळेत गणित शिकवते. मला त्यातले फक्त स्वल्पविराम कळायचे.

शेवटी संपादकाने कळवलं की बाकी सगळं उत्तम आहे, पण शेवटच्या प्रकरणात जुनी सिस्टीम बंद झालेली दिसली पाहिजे. वाचकाला यश लागतं, नाहीतर पुस्तक छापता येणार नाही. समर्थने मग ते प्रकरण लिहिलं, आणि चक्क भूतकाळात लिहिलं. एका रविवारी आम्ही जुनी सिस्टीम बंद केली, परत मागे वळायचा मोह नको म्हणून ते मशीनच पुसून टाकलं, सोमवारी ट्रक वेळेवर गेले. पुढे चौकटीत सल्लाही होता: तुम्हीही असंच करा.

मी म्हटलं, अरे, बाजारात तुरी! तो म्हणाला, छापून येईपर्यंत आम्ही बंद करूच. आणि कोणी वाचून खरंच पुसून टाकलं तर, असं विचारल्यावर तो हसला. तांत्रिक पुस्तक शेवटपर्यंत कोण वाचतं, म्हणाला. दोन वर्षं ते पुस्तक लिहीत बसलेला माणूस हे म्हणाला.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर कुठल्यातरी परदेशी पुलाचा फोटो होता. जुनी सिस्टीम अर्थातच चालू होती. कंपनीचे मालक उद्धवराव मूळचे चाकणचे, कांद्याच्या वखारीवरून कारखान्यावर आलेले. त्यांनी लेखकाचा सत्कार ठरवला, गेटवर फ्लेक्स लावला, आणि जाहीर केलं की जुनी सिस्टीम आता लेखकाच्याच हस्ते, सगळ्यांसमोर बंद होईल.

समर्थ पांढराफटक पडला. कार्यक्रमाच्या आधी मलाही बरोबर घेऊन तो त्यांच्या केबिनमध्ये गेला आणि त्याने सरळ सांगून टाकलं की शेवटचं प्रकरण घडलेलंच नाही, आणि खरोखर बंद केली तर उद्या एकही ट्रक धड जाणार नाही.

उद्धवराव शांतपणे चहा पीत होते. “समर्थराव, आमच्या गाड्या कशावर जात्यात ते मला ठावं न्हाई व्हय? स्टेजवर भंगारातला कॉम्प्युटर ठिवलाय. तुमी फकस्त बटन दाबा.”

नवरा खरं बोलायला गेला होता आणि खरं कोणाला नकोच होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, ते मला दिसलं, आणि मला त्याचा मनापासून राग आला. तरी मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. शाल झाली, श्रीफळ झालं. झेंडूची माळ घातलेला, आधीपासूनच बंद असलेला कॉम्प्युटर समर्थने बंद केला आणि टाळ्या कडाडल्या. पलीकडच्या शेडमधून चलनं छापणाऱ्या प्रिंटरची खरखर स्टेजपर्यंत येत होती.

पुढच्याच महिन्यात एका सोमवारी सकाळी फोन आला. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यातली विजयश्री नावाची इंजिनिअर होती. तुमचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, म्हणाली. समर्थ फुलला. मलाही ऐकू यावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

तिने काल जुनी सिस्टीम बंद केली होती. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मशीन पुसून टाकलं होतं. आता सगळी चलनं चुकत होती, ट्रक गेटवर अडकले होते, आणि मालक तिच्या टेबलाशी येऊन उभे होते. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती.

“सर, तुमच्याकडेही सोमवारी थोडंफार असं झालंच असेल ना? तेव्हा तुम्ही काय केलंत? तेवढंच पुस्तकात सापडत नाहीये.”

समर्थने माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “आमची अजून चालू आहे.”

पलीकडे कोणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवत होतं.

“मग सर, मी वाचलं ते काय होतं?”

समर्थने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.