दोन शक्यतो

सरकारी छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंचा एकच नेम होता: चुका काढायच्या, मजकुराच्या अर्थात नाक खुपसायचं नाही. वीस वर्षं त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. पण त्या दिवशी कारखान्यांच्या नियमांचा मसुदा तपासताना त्यांची लाल पेन्सिल अडखळली. ‘धूळ ओढणारे पंखे शक्यतो शक्यतो बसवावेत.’

एक खोडला की झालं. पण आधीच्या मसुद्यात तर एकही शक्यतो नव्हता! तिथे ‘बसवलेच पाहिजेत’ असं ठणकावून लिहिलेलं होतं. बाईंची धाकटी बहीण साबणाच्या कारखान्यात भुकटी भरायची. खोकून खोकून तिची पार दैना झाली होती, आणि ती या पंख्यांकडेच डोळे लावून बसली होती.

बाई कागद घेऊन थेट नियम लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्यांकडे गेल्या.

“साहेब, यातला कुठला खोडू?”

साहेब हसले. “अहो, एक मी घातला, कारखानदारांच्या संघटनेची माणसं मला भेटून गेली तेव्हा. तीच माणसं वर मंत्र्यांनाही भेटली. तिथून दुसरा आला. अधिकस्य अधिकं फलम्!”

“नुसतं भेटलं की शब्द बदलतो?” बाईंना खरंच नवल वाटलं.

“नुसतं कसं? आकडे आणतात, अडचणी सांगतात. आणि चोरून नाही हं, रीतसर नोंद असते.” त्यांनी भेटींची वही पुढे सरकवली. संघटनेच्या अकरा भेटी होत्या. कामगारांची एकही नव्हती.

“त्यांना बोलावलं नाहीत?”

“बोलावलं तर यांनाही नव्हतं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, बाई.”

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. दोन्ही शक्यतो खोडले तर कुणाला कळणार आहे, असं बाईंच्या मनात आलं. हात नुसते शिवशिवत होते. पण ती लबाडी झाली असती. त्यांनी एकच खोडला. मग वही ओढून लिहिलं: ‘कामगाराची बहीण. काम: उरलेला शब्द.’

साहेबांनी ते वाचलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खुर्ची दिली. “बोला. काय म्हणणं आहे?”

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारणाऱ्या बाईंना स्वतःचं एक वाक्य सुचेना. भयंकर लाज वाटली. शेवटी त्या म्हणाल्या, “माझी बहीण हल्ली लेकीला हाक मारत नाही. टाळी वाजवते. हाक मारायला दम पुरत नाही हो.”

साहेबांनी पेन उघडलं.

“पुन्हा सांगा,” ते म्हणाले. “मला हे जसंच्या तसं लिहायचंय.”