सलवाचं न ठरलेलं लग्न

ट्युनिसच्या लाफायेत भागात, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, सलवा झर्रूकचं संशोधन केंद्र होतं. तीन खोल्या, एक गॅलरी आणि बाराही महिने ठिबकणारा एसी. इंटरनेट माणसांचं काय करतं आणि माणसं इंटरनेटचं काय करतात, याचा तिथे अभ्यास चाले. सलवा सत्तेचाळिशीची, बिनलग्नाची, बोलायला फटकळ. अफवांच्या बाबतीत तिचा शब्द परदेशातही मानला जाई. घरी मात्र तिची आई, लल्ला मन्नूबिया, शेजारणींना सांगत असे, "आमची कॉम्प्युटरचं काहीतरी करते बाई."

टार्टू, नैरोबी, सेऊल, साओ पाउलो, बैरूत आणि ट्युनिस अशा सहा गावांतल्या केंद्रांनी मिळून अफवांवर एक मोठा अहवाल लिहायचं मनावर घेतलं होतं. दोन वर्षं दर महिन्याला पडद्यावर बैठक होई आणि दोन वर्षांत पहिलं वाक्य काही ठरत नव्हतं. 'अफवा म्हणजे खोटी बातमी' असं टार्टूवाले म्हणाले, की बैरूतवाले म्हणत, आमच्याकडे अफवा खरी निघते आणि बातमी खोटी. सेऊलला 'बातमी' हा शब्दच नको होता. साओ पाउलोचे प्रोफेसर आवाज बंद ठेवूनच तळमळीने बोलत, आणि ते बोलून दमले की मग कोणीतरी त्यांना तसं सांगे. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की समोरासमोर बसल्याशिवाय हे गाडं हलायचं नाही. बसायचं ट्युनिसला, कारण तिथे मासळी चांगली मिळते. पत्रव्यवहारात हे कारण जरा भारदस्त शब्दांत लिहिलं गेलं.

पाहुणे आले. सलवाने पहिल्याच संध्याकाळी त्यांना ला गुलेतला समुद्राकाठी जेवायला नेलं. टार्टूहून आलेला टार्मो हा दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच आणि विहिरीइतका गप्प माणूस. नैरोबीची मुथोनी त्याच्या अगदी उलट. तिचं हसणं पलीकडच्या हॉटेलात ऐकू जाई. भाजलेली मासळी टेबलावर आली तेवढ्यात जाईच्या कळ्यांचे तुरे विकणारा आला आणि त्याने एक तुरा टार्मोच्या हातात कोंबला. बाप्या माणूस असला तर तो असला तुरा कानावर खोवतो. टार्मोला हे ठाऊक नव्हतं. त्याने तुऱ्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हातातली अडचण शेजारच्याला द्यावी तसा तो सलवाच्या हाती दिला. सलवा हसली. मुथोनीने नेमका तेव्हाच फोटो काढला.

"काय जेवलीस?" असं आईने विचारलं म्हणून सलवाने सगळे फोटो घरी पाठवून दिले. लल्ला मन्नूबियाने त्यातला एकच निवडला आणि झर्रूक खानदानाच्या ग्रुपवर टाकला. वर कौतुकाचा एकच शब्द लिहिला: 'माशाअल्ला.'

सकाळी सलवा केंद्रात कॉफी ओतत होती तेव्हा पहिला फोन आला, मार्सेय्यच्या चुलतबहिणीचा.

"अगं मेले, आम्हाला परक्यांसारखं ग्रुपवरून कळवायचं?"

"काय कळवायचं?"

"आता लाजू नकोस. एवढंच सांग, त्याने आपला धर्म घेतला का नाही?"

सलवाने फोन ठेवला आणि ग्रुप उघडला. वरपासून खालपर्यंत हृदयं, गुलाब आणि दुवा. सलवा लग्न करतेय. नवरामुलगा स्वीडनचा, जरी टार्टू तिकडे नसलं तरी. थोडं खाली तो डॉक्टर झाला होता, आणखी खाली हृदयाचा डॉक्टर. बिझेर्तच्या काकांच्या माहितीप्रमाणे त्याने धर्म स्वीकारून ताहर असं नाव घेतलं होतं. नाबुलच्या वहिनीला त्याच्या मालकीची दोन जहाजं आहेत हेही समजलं होतं.

सलवाला राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी टोचलं. तिला डॉक्टरेट मिळाली तेव्हा याच ग्रुपवर चार अंगठे उमटले होते, त्यातला एक चुकून लागलेला. केंद्र उघडलं त्या दिवशी कोणीतरी विचारलं होतं, तिथे पासपोर्टचे फोटो काढून मिळतात का. आणि आज कोणा परक्याने एक फुलांचा तुरा हातात दिला, तर अख्खं खानदान आनंदाने रडत होतं!

बैठक सुरू झाली. पहिल्या वाक्यावरून सेऊल आणि बैरूत यांची जुंपली होती. सलवाचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता, सरकत सरकत तो साखरेच्या भांड्याला जाऊन भिडला.

"कोणी आजारी आहे का घरी?" मुथोनीने विचारलं.

"नाही. माझं लग्न ठरलंय," सलवा म्हणाली. "याच्याशी." आणि तिने टार्मोकडे बोट दाखवलं.

टार्मोच्या हातातला बिस्किटाचा तुकडा कॉफीत पडला. सलवाने चिडत चिडत सगळं सांगितलं. तिला वाटलं, बिचारे ओशाळतील, सहानुभूती दाखवतील. पण तिने पाहिलं तर सगळ्यांचे डोळे मिठाईच्या दुकानात शिरलेल्या मुलांसारखे चमकत होते.

"सुरुवात कधी झाली ते नक्की माहीत आहे?" सेऊलने हळूच विचारलं.

"मूळ फोटो माझाच!" मुथोनी उभी राहत म्हणाली. "म्हणजे उगमापासून हाती आहे! अगं सलवा, असं कधी मिळतं का?"

"ही माझी अब्रू आहे, तुमचा नमुना नाही."

"नाव बदलू ना," बैरूतने तिची समजूत घातली.

दोन वर्षं एका वाक्यावर एकमत न झालेल्या त्या मंडळींनी तासाभरात कामं वाटून घेतली. फळ्यावर बिझेर्त, नाबुल, मार्सेय्य असे गोल निघाले, गोलांना बाण जोडले गेले. साओ पाउलोच्या प्रोफेसरांचा आवाज तर सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू आला. टार्मो बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग त्याने सकाळपासूनचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"माझी जहाजं कुठल्या बंदरात आहेत?"

"हसू नका रे," सलवा म्हणाली. "हे आत्ताच्या आत्ता थांबवायचंय."

थांबवायचं कसं, याची एक पुस्तिका सलवानेच लिहिलेली होती. थोडक्यात बोला, स्पष्ट बोला, विश्वासू माणसाच्या तोंडून बोला. त्याबरहुकूम तिने ग्रुपवर लिहिलं: 'लग्न वगैरे काही नाही. तो माझा सहकारी आहे.'

ग्रुपने ते वाचलं. मग धो धो सुरू झाला. मोडलं! कालच ठरलं आणि आज मोडलं! वहिनीने लिहिलं, रडू नकोस, तुझ्या नशिबात याहून चांगला असेल. मार्सेय्यवालीने लिहिलं, जहाजवाल्यांचा भरवसा नसतोच. बिझेर्तच्या काकांनी तर त्या ताहरचा हॉटेलचा पत्ता मागितला, दोन शब्द बोलायचेत म्हणून.

"पुस्तिकेत हे प्रकरण नाही," मुथोनी लिहून घेत म्हणाली.

"मग मीच बोलतो," टार्मो म्हणाला. काकांचा फोटो पाहिल्यापासून तो जरा अस्वस्थ होता. काका तरुणपणी कुस्ती खेळत.

सलवाने त्याला एकच छोटं वाक्य शिकवलं, 'मी हिला मागणी घालत नाही.' ट्युनिसच्या बोलीत नकार दोन तुकड्यांत येतो, शब्दाच्या आधी 'मा' आणि शेवटी 'श'. टार्मोने गॅलरीत फेऱ्या मारत पाठ केलं. उच्चार अगदी बरोबर जमला. मग त्याने सलवाचा फोन घेतला, बटण दाबून वाक्य म्हटलं आणि संदेश सोडून दिला. फक्त त्याने बटण जरा उशिरा दाबलं आणि बोट जरा लवकर उचललं. सुरुवातीचा 'मा' गेला, शेवटचा 'श' गेला, आणि सगळ्या झर्रूक खानदानाने आपल्या कानांनी ऐकलं की एक परदेशी माणूस, गंभीर आवाजात, शुद्ध ट्युनिशी बोलीत, सलवाला मागणी घालतोय.

नाबुलच्या वहिनीने तो संदेश ऐकून जोरात आनंदाची किलकारी मारली आणि तीही रेकॉर्ड करून पाठवली.

"आता फोन फेकून दे," बैरूतने सल्ला दिला. सलवाने खरंच तो बंद करून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन केंद्राच्या नंबरावर आला. आवाज कसनुसा. "सलवा, घरी ये. ज़किया आलीय."

"कोण ज़किया?"

"माझी बहीण. आणखी कोण?"

ज़कियामावशी सफाक्सची. सातआठ वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत ती मन्नूबियाच्या कुस्कुसला खारट म्हणाली होती. खारट होतंही, पण ते अडीचशे माणसांसमोर म्हणायचं नसतं. त्या दिवसापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. ईद आली, बारशी झाली, एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी नाही. आणि आता मावशी सफाक्सहून टॅक्सीत दाटीवाटीने बसून, मांडीवर बकलाव्याचं ताट सांभाळत, बार्दोला, आईच्या घरी, येऊन थडकली होती.

सलवाने टार्मोला बरोबर घेतलं, म्हणजे समोरासमोर खुलासा होईल. मुथोनी न बोलावता आली.

दिवाणखान्यात एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मावशी, मधे बकलावा. दोघींची नजर भिंतीवर.

"सलवा," मावशी म्हणाली, "तुझ्या आईला सांग, पडदे नवे दिसतायत."

"सलवा," आई म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, चार वर्षं झाली घेऊन."

"तिला सांग, रंग बरा आहे."

"तिला सांग, तिचं मत कोणी विचारलं नव्हतं."

मुथोनीला भाषा कळत नव्हती, पण ती इतकी मन लावून ऐकत होती, जणू नाटकाचं तिकीट काढून बसलीय. मावशीने मग टार्मोला खालून वर न्याहाळलं. वर पोचायला तिला वेळ लागला.

"हा होय? बस रे बाबा, मान दुखली माझी."

सलवाचा संयम संपला. "मावशी, ऐक. लग्न नाही. नव्हतं. होणारही नाही. याने मला तुरा दिला, कारण त्याला तो कुठे ठेवायचा ते कळेना. तू उगाच एवढा प्रवास केलास. मला माफ कर."

मावशीने शांतपणे बकलाव्याचा एक तुकडा टार्मोच्या हातावर ठेवला.

"मला काय खुळी समजतेस? फोटो पाहिला मी. पोलिसाने दंडाची पावती द्यावी तसा देतोय तुरा. असली मागणी कोणी घालतं का?"

"मग आलीस कशाला?"

पदराशी चाळा करावा तसं तिने आपल्या सफसारीचं टोक बोटाला गुंडाळलं. "भाचीच्या लग्नाची बातमी कानावर आली तर माणसाला यावंच लागतं," ती म्हणाली. "कोणी असं म्हणू शकत नाही की ही आपणहून आली."

मग लल्ला मन्नूबिया उठली, आणि सलवाला मधे न घालता थेट म्हणाली, "चहात पुदिना जास्त लागतो ना तुला, अजून?"

"लागतो," मावशी म्हणाली, आणि तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. आतून आधी कपांचा आवाज आला, मग नाक शिंकरल्याचा, मग हळूहळू भांडणाचा. अगदी नीट, घसा मोकळा करून केलेलं भांडण होतं. सलवाने कित्येक वर्षांत इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला एकटीला गाठलं. "खरं सांग, तू मुद्दाम टाकलास ना तो फोटो?"

"मी? मी फक्त माशाअल्ला म्हटलं."

"कशाला?"

"मासळीला," लल्ला मन्नूबिया म्हणाली आणि भांडी घासू लागली. "केवढा मासा होता तो!"

शेवटच्या दिवशी अहवालाचं पहिलं वाक्य ठरलं. सलवाने ते फळ्यावर लिहिलं, आणि जन्मात प्रथमच बैरूत आणि सेऊल यांनी एकाच वेळी मान डोलावली: 'बातमी खोटी आहे हे माहीत असूनही, ती आपल्या उपयोगाची असेल तर माणसं पुढे पाठवतात.' टार्मोने एवढंच सुचवलं की 'उपयोगाची'च्या जागी 'गरजेची' लिहावं. तसं लिहिलं.

पाहुण्यांना सोडायला विमानतळावर आईबरोबर मावशीही आली. तिने टार्मोच्या आईसाठी ऑलिव्ह तेलाची मोठी बाटली आणली होती; तपासणीच्या शिपायाशी तिचा बराच वाद झाला. परतताना गाडीत ती सलवाला म्हणाली, "पोरी, एक विचारू? ही एवढी माणसं सातासमुद्रापलीकडून आली. तू करतेस तरी काय त्या ऑफिसात?"

सलवाला हे घरच्या कोणी कधी विचारलं नव्हतं. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. बाण, गोल, बैरूत, सेऊल, सगळं. मावशी मधेमधे "पुढे?" म्हणत होती. मागच्या सीटवर आईही झोपल्याचं सोंग सोडून पुढे वाकली होती.

"आणि याचा पगार देतात?" सगळं ऐकल्यावर मावशी म्हणाली.

"देतात."

"चांगलं आहे की," मावशी मागे वळून बहिणीला म्हणाली, "मन्नूबिया, तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?" आईने विचारलं. आणि गाडी सुरू होईपर्यंत दोघींची पुन्हा जुंपली.

अहवाल पुढच्या वसंतात निघाला. त्यात सलवाचं नाव नव्हतं, 'उत्तर आफ्रिकेतल्या एका राजधानीतली मध्यमवयीन स्त्री' असं लिहिलं होतं. 'मध्यमवयीन' या शब्दावर ट्युनिस केंद्राने हरकत घेतली आहे. त्यावर दर महिन्याला बैठक होते, आणि अजून काही ठरलेलं नाही.